वेस मोगलांची नव्हे

चंद्रपूरच्या जटपुरा गेटखाली उभे राहून वर पाहणे हे धाडसाचे काम आहे. मागून ऑटोवाला भोंगा वाजवतो, समोरून दुचाकीवाला आपल्याच अंगावर येतो आणि मधल्या मध्ये आपण मान वर करून दगडातला सिंह शोधत असतो. पुण्याहून आलेल्या भाच्याला मी हट्टाने तिथे उभे केले होते. तो नुकताच आग्रा-फतेहपूर सिक्री पाहून आलेला. त्याने कमानीकडे एकदा पाहिले आणि निकाल देऊन टाकला, "मामा, हे मोगलांचंच काम. कमान अगदी तशीच आहे."

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चंद्रपुरात जन्म काढलेली माणसेही असेच म्हणतात. टोकदार कमान दिसली की मोगल, घुमट दिसला की मोगल, आणि काहीच कळले नाही तर पांडवकालीन, अशी आपली इतिहासाची वाटणी ठरलेली आहे. पण ही वेस गोंड राजांची आहे. बाबर पानिपतावर उतरला १५२६ मध्ये, आणि परंपरा सांगते त्यानुसार या कोटाचा पाया त्याच्या तीस-चाळीस वर्षे आधीच पडलेला होता.

मग कमान आली कुठून? वऱ्हाडातून. आपल्याच विदर्भात, अकोल्याच्या उत्तरेला नरनाळा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा बहमनी सुलतानाच्या काळातला, १४८७ चा. तशी टोकदार कमान उभी करणारे हात त्या काळात वऱ्हाडभर काम करत होते. चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, राजाला आपल्या दाराला ती कमान हवीशी वाटली, यात नवल नाही. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना त्याने स्वतःचे चिन्ह कोरून घेतले: सिंहासारखा एक प्राणी आणि त्याने दाबून धरलेला हत्ती. जंजिऱ्याच्या दरवाजावर सहा हत्तींना पकडलेला प्राणी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे शिल्प ओळखीचे वाटेल. शरभ म्हणा, सिंह म्हणा, दख्खनच्या दारोदारी तो बसलेला आहे. चांद्यात तो राजचिन्ह झाला, एवढाच फरक. हत्तींचे कळप ज्या अरण्यात हिंडत त्या अरण्याच्या राजाने हत्ती दाबून धरणारा प्राणी निवडावा, यातला बेत समजायला फार विचार करावा लागत नाही.

शहर वसल्याची गोष्ट चंद्रपुरात लहान मूलही सांगते, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगायलाच हवी. खांडक्या बल्लाळशाह हा राजा आधी शिरपूरला, मग वर्धा नदीकाठी बल्लारपूरला राहत असे. त्याच्या अंगभर गाठी होत्या, काही केल्या बऱ्या होत नव्हत्या. शिकारीला निघालेला राजा तहानलेला झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. एका खळग्यात थोडे पाणी दिसले. त्याने ते प्यायले, तोंड धुतले, आणि त्या रात्री त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तर अंगावरच्या गाठी ओसरलेल्या. खळगा उकरला तेव्हा दगडात गाईच्या खुरांचे पाच ठसे निघाले. तिथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे काही दिवसांनी त्याच भागात एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा पुढे, ससा मागे. कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो ससा मोठे रिंगण घेत धावला आणि शेवटी कुत्र्याने उलटून त्याला मारले. राणी म्हणाली, हे साधे चिन्ह नाही, या रिंगणावर कोट बांध. कपाळावरच्या चंद्रामुळे चंद्रपूर.

उलटी शिकार करणारा ससा दक्षिणेतल्या बऱ्याच राजधान्यांच्या पायाशी सापडतो. विजयनगरच्या गोष्टीतही तो आहे. तेव्हा त्यावर वाद घालण्यात मतलब नाही. मला या गोष्टीत राणी महत्त्वाची वाटते. गाठी ओसरलेल्या तिला दिसतात, सशाचा अर्थ तिला कळतो, कोट कुठून जावा हे ती सांगते. राजा फक्त पाणी पितो आणि झोपतो. चांद्याच्या इतिहासात पुढेही राणीला असेच काम करावे लागणार होते.

कोट एका पिढीत झाला नाही. परंपरेप्रमाणे आखणी खांडक्याची, वेशी उभारण्याचे काम तेल ठाकूर मंडळींकडे, हीरशाहाने आतला बालेकिल्ला आणि राजवाडा बांधला, आणि भिंत पुरी झाली ती धुंड्या रामशाहाच्या वेळी, म्हणजे सतराव्या शतकाच्या तोंडावर. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेले काम. भिंत पंधरा ते वीस फूट उंच, घडीव दगडाची. चार वेशी: उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि पूर्वेला झरपटकडे तोंड केलेली अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे कोटातली लहान दारे. त्यांची नावेच एक गोष्ट आहेत. हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, बगड खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी. मिरवणूक वेशीतून, मढे मसण खिडकीतून. आणि चोराचीही सोय नावानिशी करून ठेवलेली. अशा मोकळेपणाने शहर आखणारे राज्यकर्ते आता नाहीत.

ही भिंत पुरी होत होती तेव्हा दिल्ली-आग्र्याची नजर पहिल्यांदा इकडे वळली. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेले. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याच्या जमीनदाराची नोंद केली आहे: बाबाजी, जातीने गोंड, पदरी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ. त्याच भागात वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख आहे. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात येते. तिथला किल्ला बाबाजी बल्लाळशाहाने बांधला असे मानतात; खंदक आहे, झाडीत एकामागे एक लपलेले दरवाजे आहेत. तिथे गेले की कळते, चांद्याच्या वेशी म्हणजे राज्याचा दर्शनी चेहरा होता आणि वैरागड म्हणजे तिजोरीचे झाकण. मोगलांचा डोळा चेहऱ्यावर कधीच नव्हता.

भाच्याने फतेहपूर सिक्रीतल्या ज्या बुलंद दरवाजाचे कौतुक चालवले होते, त्याच्यावर १६०१ सालचा एक फारसी लेख आहे, अकबराच्या दख्खन आणि खानदेश मोहिमेच्या यशाचा. चोपन्न मीटर उंचीचा तो दरवाजा गुजरातच्या विजयाची आठवण म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या अंगावर आपल्याकडच्या पराभवाची बातमी कोरलेली आहे. तो दरवाजा मुळी कोणाला अडवण्यासाठी बांधलेलाच नाही. ज्याने जग जिंकले त्याने आत कसे यावे, हे दाखवण्यासाठी तो बांधला. पायऱ्या चढतानाच माणूस लहान होत जातो. जटपुरा गेटची उंची त्याच्यापुढे काहीच नाही. पण ते दार आहे. त्याला दारे होती, अडसर होता, सांजवेळी ते लागत असे. दार आणि स्मारक यांत फरक असतो. आपण प्रवासी लोक दोन्हींना एकाच फूटपट्टीने मोजतो.

औरंगजेबाच्या काळात चांद्याच्या अडसराची परीक्षा झाली. १६६७ मध्ये दिलेरखान फौज घेऊन निघाला. पुरंदरला वेढा घालणारा, मुरारबाजीशी लढलेला तोच हा दिलेरखान. पुरंदरसाठी त्याला रक्त सांडावे लागले होते. चांद्याचा राजा मात्र फौज कोटाशी येण्याची वाट पाहत बसला नाही. तो स्वतः सरहद्दीवर सामोरा गेला. मोगली कागदांत त्याचे नाव मांजी मल्लार असे पडते. एक कोटी रुपयांचा दंड, वर सालाना खंडणी, असा करार झाला. आकडा डोळे फिरवणारा आहे. जंगलातल्या राजाकडे एवढा पैसा, हे त्या दरबाराला आधी ठाऊक असावे. म्हणून तर फौज आली.

याला कोणी शरणागती म्हणेल. मी म्हणणार नाही. वैरागडचे हिरे, जंगलातले हत्ती, तांदूळ पिकवणारे तलाव हे सगळे त्या राजाने हिशेबात धरले आणि वेशीच्या बाहेरच, पार सरहद्दीवर, व्यवहार उरकला. भिंत वाचली. शहर वाचले. शंभर वर्षे खपून बांधलेल्या दगडाने जे करायचे ते काम तिजोरीने केले.

पण खंडणीची वाट एकदा पडली की ती बुजत नाही. १६८३-८४ च्या सुमारास मोगलांनी चांद्याच्या गादीवर किशनसिंगाला बसवायचे ठरवले आणि रामसिंगाला हुसकले. मोगली फौज तेव्हा शहरात शिरली. राजवंशातलाच एक दावेदार फौजेच्या सोबत होता, त्यामुळे वेस फोडण्याची वेळच आली नाही. इथे आणखी एक गंमत आहे. मोगली तवारिखांतले हे किशनसिंग, रामसिंग आणि चांद्याच्या स्थानिक वंशावळीतले राजे यांचा मेळ बसत नाही. स्थानिक परंपरेत या काळात रामशाह निर्वेध राज्य करतो, तेही साठ वर्षे. ही वंशावळ ब्रिटिश बंदोबस्त अधिकारी मेजर लुसी स्मिथ याने १८६० च्या दशकाअखेरीस चांदा जिल्ह्याच्या अहवालात नोंदवून घेतली आणि पुढे गॅझेटियरांनी तिचीच री ओढली. बाहेरून आलेला आपल्या जमाखर्चात एका राजाला बडतर्फ करतो, आणि गावाला त्याची दखलसुद्धा नाही. दोन्ही खरे असण्याचा संभव मला जास्त वाटतो. दिल्लीच्या वहीत जे घडते ते चांद्याच्या तलावाकाठी तसेच घडते असे नाही.

शहरात मोगलाईची खरी सावली पाहायची असेल तर जटपुऱ्याला पाठ करून सरळ दक्षिणेकडे चालत जावे आणि अंचलेश्वर वेशीकडे वळावे. देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशाहाची समाधी लांबूनच ओळखू येते: घुमट, कमानी, चौथरा. इथे मात्र भाच्याचा अंदाज अर्धा बरोबर आला. बांधणीवर मोगली वळण आहे.

बीरशाहाची हकीकत रक्ताने माखलेली आहे. त्याची मुलगी देवगडच्या गोंड घराण्यातल्या दुर्गपालाला दिली होती. जावयाने तिचा अपमान केला म्हणून सासरा फौज घेऊन गेला आणि लढाईत त्याचे शिर कापून महाकालीला वाहिले, अशी कथा आहे. मग स्वतः बीरशाह आपल्या लग्नाच्या मांडवात हिरामण नावाच्या रजपूत अंगरक्षकाच्या हातून मारला गेला. साल परंपरेने १६७२ धरतात. गादीला वारस नव्हता. राणी हिराईने रामशाहाला दत्तक घेतले, तो मोठा होईपर्यंत कारभार पाहिला, महाकालीचे देऊळ बांधले आणि नवऱ्याची ही समाधी उभी केली.

चंद्रपूरचे लोक हौसेने हिला उलटा ताजमहाल म्हणतात. तिथे नवऱ्याने बायकोसाठी, इथे बायकोने नवऱ्यासाठी. तुलना गोड आहे, पण शोधायचीच तर दिल्लीत अधिक जवळची सापडते. हुमायूनचा मकबरा त्याच्या विधवेने, बेगा बेगमने बांधवला. तो १५७२ मध्ये पुरा झाला, बीरशाहाच्या मृत्यूच्या बरोबर शंभर वर्षे आधी. दोघींनी नवऱ्याच्या दगडाला कमान आणि घुमट दिला. मात्र हिराई तिथे थांबली नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून आणि तेलंगणातून हजारो माणसे येतात, झरपटमध्ये अंघोळी करतात, पोतराज आसूड ओढतात. त्यांतल्या फार थोड्यांना समाधीत कोण आहे ते ठाऊक असते. देवळात जायला मात्र कोणी चुकत नाही. राणीला दोन्हींतले काय जास्त टिकेल याची जाण असावी.

अठराव्या शतकात खंडणी मागणारे बदलले. मोगल खंगले, नागपूरचे भोसले बळावले. चांद्याचा शेवटचा गोंड राजा नीलकंठशाह. त्याच्याबद्दल कोणीच बरे लिहिलेले नाही; क्रूर, कारभाऱ्यांशी वैर धरणारा, रयतेला पिळणारा. जिंकणाऱ्यांच्या काळात लिहिलेला इतिहास हरणाऱ्याविषयी असेच बोलतो, हे लक्षात ठेवून यातला निम्मा भाग सोडून द्यावा. उरलेला निम्माही पुरेसा आहे. १७५१ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला. वेढा, तोफा, सुरुंग यांपैकी कशाची कहाणी शहराच्या आठवणीत नाही. आठवण आहे ती फितुरीची. नाराज झालेल्या आतल्याच माणसांनी दार मोकळे केले. नीलकंठशाहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले, जिथून त्याच्या पूर्वजाने चांद्याकडे पाहिले होते त्याच किल्ल्यात, आणि तो तिथेच मेला. अडसर पुन्हा एकदा आतून निघाला होता.

कोटाने खरी लढाई पाहिली ती १८१८ मध्ये. तोवर गोंडांचे राज्य संपून सदुसष्ट वर्षे झाली होती. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी धरले होते आणि त्यांच्या बाजूचे लोक चांद्याच्या कोटात जमले होते. किल्लेदार गंगासिंग. दुसरा बाजीराव पेशवा पळता पळता इकडेच यायला निघाला होता. कर्नल स्कॉटच्या फौजेने त्याची वाट अडवली आणि १७ एप्रिलला शिवणीजवळ कर्नल अॅडम्सने त्याला उधळून लावले. मग अॅडम्स मे महिन्याच्या ९ तारखेच्या सुमारास चांद्यासमोर येऊन ठाकला. चंद्रपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय सांगू! दुपारी दगडाला हात लावला तर कातडी सुटते. त्या उन्हात मोर्चे खणले, तोफा चढवल्या. १३ मे रोजी तिकडे आप्पासाहेब जबलपूरच्या वाटेवर पहाऱ्यातून निसटले, पण ती बातमी कोटातल्या माणसांच्या काही उपयोगाची नव्हती. १९ मे रोजी आग्नेय कोपऱ्याच्या भिंतीला भगदाड पडले आणि २० मे रोजी इंग्रजी फौज त्यातून आत घुसली.

वेशीतून नव्हे, भगदाडातून. चारही वेशी शाबूत राहिल्या. मोगल आले ते दावेदाराबरोबर, भोसले आले ते फितुरीने, इंग्रज आले ते भिंत पाडून. हत्ती दाबून धरणाऱ्या सिंहाला शत्रू समोरासमोर असा भेटलाच नाही. चार-पाच पिढ्यांनी खपून बांधलेली दारे, त्यांच्यावर कोणी धडक मारली नाही. ही त्या कारागिरांची शाबासकी म्हणायची की थट्टा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा थेट इंग्रजांकडे गेला. गोंड राजांचा वाडा होता त्या बालेकिल्ल्यात तुरुंग झाला. चारच वर्षांनी मोलमपल्लीचा पंचवीस वर्षांचा जमीनदार बाबूराव शेडमाके, ज्याने आजच्या गडचिरोलीच्या जंगलात गोंड, माडिया, रोहिले जमवून इंग्रजांशी लढा दिला, त्याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच तुरुंगाच्या आवारात पिंपळाला फाशी दिली. गोंड राजाच्या वाड्यात, गोंड राजाच्या कोटाच्या आत. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात. कोटाविषयीचे प्रेम ज्यांना पुस्तकातून आलेले नाही अशी ती माणसे.

स्वातंत्र्यानंतर चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि वैरागड एका बाजूला, चांद्याच्या वेशी दुसऱ्या बाजूला राहिल्या. कोटावर पिंपळ-वड उगवले, झुडपांनी बुरूज गिळले, आतल्या बाजूला घरे टेकली. इरईला पूर आला की पठाणपुऱ्याकडे पाणी चढते आणि दगडाखालची काळी माती हलते. २०१७ च्या मार्चपासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या पोरांनी कुदळी-फावडी घेऊन सकाळी सकाळी कोट साफ करायला सुरुवात केली. दोनशे दिवसांहून जास्त काळ ते खपत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख झाला. आमच्या घरातली म्हातारी माणसे तेव्हा पहिल्यांदा कोटावर फिरायला गेली. जन्म शहरात गेला, पण भिंतीवरून शहर कसे दिसते ते त्यांनी सत्तरीत पाहिले.

भाच्याला हे सगळे मी एकदम सांगितले नाही. जटपुऱ्याहून अंचलेश्वरापर्यंत चालताना, मधे एका टपरीवर चहा घेत, तुकड्यातुकड्याने सांगितले. परत येताना तो पुन्हा गेटखाली थांबला, मोबाइल उंच धरून सिंहाचा फोटो काढू लागला. मागे लगेच भोंगे सुरू झाले.

तुम्हाला पाहायचे असेल तर सकाळी सातच्या आत या. तेव्हा रस्ता मोकळा असतो, ऊन तिरपे पडते आणि सिंहाच्या पंजाखालचा हत्ती स्पष्ट दिसतो. नऊनंतर तिथे कोणी उभे राहू देत नाही.